आयसीयूतल्या सेप्सिसवर थिसिस करताय? पहिला रुग्ण नोंदवण्याआधी हे वाचा

सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होत जाणं, हा विषय रेसिडेंटना सोपा वाटतो. रुग्ण भरपूर, तपासण्या एरवीही होतच असतात, गाइडही पटकन हो म्हणतात. अडचण दीड वर्षानंतर कळते. तक्ता उघडला की निम्म्या रुग्णांचं तिसऱ्या दिवसाचं बिलिरुबिन नाही, अँटिबायोटिकची वेळ केस पेपरवर एक आणि सिस्टरच्या चार्टवर दुसरी, आणि डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, गेलेले रुग्ण जगले की गेले याचा पत्ता नाही. यातलं काहीच नंतर दुरुस्त होत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे गेलात तरी नाही.

हा लेख मेडिसिन, ॲनेस्थेशिया, इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मोठ्यांच्या आयसीयूतला, एका संस्थेतला, निरीक्षणावर आधारलेला अभ्यास इथे गृहीत धरला आहे. बहुतेक थिसिस तसेच असतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सिनॉप्सिस आणि त्यावर गाइड व विभागप्रमुखांच्या सह्या
- एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, क्रमांक आणि तारखेसह
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी, हिंदी, इंग्रजीत; परप्रांतीय रुग्ण जास्त असतील तर त्यांच्याही भाषेत
- केस रेकॉर्ड फॉर्म, दोन पानांपेक्षा मोठा नको
- सोफा स्कोअरचा, म्हणजे सहा अवयव किती बिघडले ते दाखवणाऱ्या गुणांचा, छापील तक्ता, आयसीयूत प्रत्येक शिफ्टला दिसेल असा
- मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या प्रमुखांचं सहकार्याचं पत्र
- नोंदींसाठी रेडकॅप, ते संस्थेत नसेल तर नीट बांधलेली एक्सेल शीट. विश्लेषणासाठी आर किंवा जामोवी, दोन्ही फुकट आहेत, चोरीच्या सॉफ्टवेअरची गरज नाही

१. प्रश्न लहान करा

‘सेप्सिसच्या रुग्णांचा क्लिनिकल प्रोफाइल आणि आउटकम’ हे शीर्षक दर वर्षी डझनभर सिनॉप्सिसवर दिसतं. त्यात प्रश्नच नसतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका आकड्यात देता येईल. उदाहरणार्थ: दाखल होताना आणि सहा तासांनी रक्तातलं लॅक्टेट (शरीरावर ताण आला की वाढणारा घटक) मोजलं, तर ते किती टक्क्यांनी उतरलं यावरून २८ दिवसांतल्या मृत्यूचा अंदाज येतो का?

प्रश्न ठरवताना एक सापळा कायम डोक्यात ठेवा. ज्या गोष्टीने निदान केलं, तीच गोष्ट निदानासाठी किती चांगली हे तपासायला निघू नका. सेप्टिक शॉकच्या व्याख्येतच लॅक्टेट आहे, त्यामुळे ‘सेप्टिक शॉक ओळखण्यात लॅक्टेटची उपयुक्तता’ हा प्रश्न स्वतःचीच शेपटी पकडतो. प्रोकॅल्सिटोनिन या, जंतुसंसर्गात वाढणाऱ्या रक्तघटकाचंही तेच. युनिटच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघूनच ‘सेप्सिस’ लिहिलं असेल, तर प्रोकॅल्सिटोनिन अचूक ठरणारच. अशा अभ्यासात रिपोर्ट न बघितलेल्या दोन सीनिअरनी स्वतंत्रपणे केस वाचून संसर्ग होता की नव्हता ते ठरवावं, आणि त्यांचं एकमत किती झालं ते कप्पा या आकड्याने द्यावं. ‘कल्चर पॉझिटिव्ह (नमुन्यातून जंतू वाढले) म्हणजेच सेप्सिस’ हा सुवर्णमापदंड तर वापरूच नका. सेप्सिसच्या मोठ्या संख्येतल्या रुग्णांत कल्चरवर काहीच वाढत नाही.

उपचाराची तुलना करायची हौस असेल तर व्हिटॅमिन सीचा इतिहास आठवा. २०१७ साली अमेरिकेतल्या एका आयसीयूतून आधी-नंतर पद्धतीचा अभ्यास आला: दोन्ही बाजूंना ४७ रुग्ण, मृत्यू ४०.४ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर. जगभर लोकांनी ते औषध सुरू केलं. २०२२ च्या लोव्हिट या यादृच्छिक चाचणीत ८७२ रुग्ण होते, आणि मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिन सीच्या गटात ४४.५ टक्के, प्लासिबोच्या गटात ३८.५ टक्के निघालं. म्हणजे उलटंच. तुमच्या ६० रुग्णांत चमत्कार दिसला तर आधी स्वतःच्या पद्धतीवर संशय घ्या.

२. व्याख्या एकच घ्या

सेप्सिस-३ ही व्याख्या फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयवांचं जिवावर बेतणारं नुकसान. मोजायची कशी, तर सोफा स्कोअर मूळ पातळीपेक्षा २ किंवा जास्त वाढला पाहिजे. सेप्टिक शॉक म्हणजे पुरेसं सलाइन देऊनही मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६५ राखायला व्हासोप्रेसर, म्हणजे नॉरॲड्रेनलिनसारखं रक्तदाब वाढवणारं औषध, लागणं आणि लॅक्टेट २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर असणं. दोन्ही हवं. नुसतं नॉरॲड्रेनलिन चालू आहे म्हणून शॉक लिहू नका.

१९९१ च्या परिषदेतले सर्स (ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी यांवर आधारलेले) निकष वापरलेले जुने पेपर तुम्हाला संदर्भासाठी लागतीलच, पण त्यातले मृत्यूदर आपल्या आकड्यांशेजारी ठेवताना व्याख्या वेगळी आहे हे लिहा. क्यूसोफा, म्हणजे श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, सिस्टॉलिक १०० किंवा कमी, शुद्धीत बदल, हा आयसीयूतला प्रवेशनिकष म्हणून घेऊ नका. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक तत्त्वांनीही छाननीसाठी तो एकटा वापरू नका असंच सांगितलं आहे.

आपल्याकडचा खास प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस: ताप आहे, प्लेटलेट ४० हजार, बिलिरुबिन ३, क्रिएटिनिन २. सोफा सहज ७ होतो. हा सेप्सिस आहे का? व्याख्येनुसार संसर्ग बॅक्टेरियाचाच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे आहे. पण डेंग्यूतल्या प्लेटलेट वेगळ्या कारणाने उतरतात, त्यात प्रोकॅल्सिटोनिन आणि कल्चर वेगळं वागतं, आणि कोकणात लेप्टोचे किंवा विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण एकाच हंगामात गठ्ठ्याने येतात. घ्यायचे की वगळायचे ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. घेतलेत तर वेगळा स्तंभ ठेवा. ऑक्टोबरमध्ये आकडे बघून ठरवणं म्हणजे निकालाला हवं तसं वळवणं.

३. शून्य वेळ

सगळा अभ्यास ज्या एका खिळ्यावर टांगलेला असतो तो हा. ‘सहा तासांनी लॅक्टेट’, ‘पहिल्या तासात अँटिबायोटिक’, ‘२८ दिवसांनी मृत्यू’: घड्याळ कधी सुरू झालं?

सेप्सिस-३ च्या मूळ कामात संसर्गाचा संशय असा पकडला आहे: अँटिबायोटिक आधी दिलं तर कल्चर २४ तासांच्या आत घेतलेलं हवं, कल्चर आधी घेतलं तर अँटिबायोटिक ७२ तासांच्या आत. दोन्हींत जे आधी घडलं ती शून्य वेळ. सोफा बघायचा तो त्या वेळेच्या ४८ तास आधीपासून २४ तास नंतरपर्यंत.

आता आपला रुग्ण. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस सेफ्ट्रिॲक्सोन घेऊन, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून येतो, सोबत अर्धवट भरलेली रेफरल चिठ्ठी. वरचा नियम इथे कोलमडतो. व्यवहार्य तोडगा असा की बाहेरून आलेल्यांसाठी आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत पोचल्याची वेळ शून्य धरायची, आणि ‘बाहेर किती दिवस, कोणतं अँटिबायोटिक’ हा वेगळा स्तंभ ठेवायचा. वॉर्डातून शिफ्ट झालेल्यांचा गट तिसरा. हे तीन गट विश्लेषणात मिसळू नका.

अँटिबायोटिकच्या वेळा तीन असतात: डॉक्टरांनी लिहिलं ती, औषध हाती आलं ती, शिरेत गेलं ती. सरकारी रुग्णालयात नातेवाईक बाहेरच्या दुकानातून औषध आणायला गेले की पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत तासभर सहज जातो. तिसरीच वेळ घ्या, सिस्टरच्या चार्टवरची. आणि सिस्टरना आधी विश्वासात घ्या. शिफ्ट संपताना एकदम भरलेल्या चार्टवर सगळी औषधं बरोबर ‘८.००’ ला दिलेली असतात.

४. किती रुग्ण

प्रमाण काढायचं असेल तर साधं सूत्र: १.९६ चा वर्ग गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १ वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक. मृत्यूदर ४० टक्के धरला आणि चूक १० टक्के चालणार असेल तर ९३ रुग्ण. चूक ५ टक्केच हवी असेल तर ३६९. दहा टक्के रुग्ण हातचे जातील हे धरून ९३ ला ०.९ ने भागा, म्हणजे १०४.

पण हे फक्त प्रमाणासाठी झालं. पुढे ‘मृत्यूची स्वतंत्र कारणं’ काढायला रिग्रेशन करणार असाल तर ढोबळ नियम आहे: एका चलाला (वय, लॅक्टेट अशा एका घटकाला) निदान दहा मृत्यू. ९३ रुग्णांत ३७ मृत्यू झाले तर मॉडेलमध्ये तीन चलं मावतात, फार तर चौथं. चौदा नव्हे. कोणती तीन, ते आधी ठरवा. पी व्हॅल्यू बघून निवडू नका.

आणि महिन्याला खरोखर किती रुग्ण बसतात ते आयसीयूच्या रजिस्टरमधून मागच्या तीन महिन्यांचं मोजून बघा. अंदाज नेहमी दुप्पट असतो.

५. एथिक्स कमिटी, संमती, सीटीआरआय

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हा मूळ दस्तऐवज. त्यातलं आजारी, बेशुद्ध आणि दुर्बल सहभागींबद्दलचं प्रकरण नीट वाचा. कमिटीचे प्रश्न तिथूनच येतात.

आयसीयूतला रुग्ण बहुधा संमती देऊ शकत नाही. तेव्हा कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. कॉटशेजारी बसलेला गाववाला किंवा ॲम्ब्युलन्सबरोबर आलेला मित्र म्हणजे प्रतिनिधी नव्हे. प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर अंगठा आणि रुग्णालयाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला पुन्हा विचारायचं. तो नाही म्हणाला तर त्याची माहिती वापरायची नाही. ही ओळ अर्जात नसल्यामुळे फाइल परत येते, तेव्हा आधीच लिहा.

संमतीपत्र घरगुती मराठीत हवं. ‘जैवसूचकांचे मापन’ कोणालाही कळत नाही. ‘तुमच्या रुग्णाचं चमचाभर, म्हणजे ५ मिली, रक्त जास्त घेऊ. त्याचे पैसे पडणार नाहीत. नाही म्हणालात तरी उपचार तेच राहतील’ हे कळतं. अभ्यासासाठीच्या जादा तपासणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही, मग प्रोकॅल्सिटोनिनचे पैसे कुठून येणार ते सिनॉप्सिसमध्ये दाखवा. २८ दिवसांनी फोन करू, हेही संमतीतच घ्या.

उपचारात बदल करणारा अभ्यास असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियात (सीटीआरआय) पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली हवी. १ एप्रिल २०१८ पासून चाचण्यांची मागाहून नोंदणी बंद आहे. निरीक्षणात्मक अभ्यासाचीही नोंद करता येते आणि करावी, जर्नलवाले विचारतात. रजिस्ट्रीकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, तेव्हा हाताशी काही आठवडे ठेवा.

६. सोफा मोजणं: सगळ्यात जास्त चुका इथे

सहा अवयव, प्रत्येकी ० ते ४, एकूण २४. दिसायला सोपं. २४ तासांतला सगळ्यात वाईट आकडा घ्यायचा, सकाळच्या राउंडचा नाही.

*नॉरॲड्रेनलिन.* चार्टवर मिली प्रति तास असतं, सोफाला मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट लागतं. ५० मिली सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ५ मिली प्रति तास म्हणजे तासाला ४००, मिनिटाला ६.६७, आणि ६० किलोच्या रुग्णाला ०.११. सीमा ०.१ आहे, म्हणून ४ गुण. वजन ७० किलो लिहिलं असतं तर ०.०९५, म्हणजे ३ गुण. आयसीयूत वजन अंदाजानेच लिहितात, तेव्हा ते कसं घेतलं याची नोंद ठेवा. रात्रीच्या ड्युटीने सिरिंज ‘डबल स्ट्रेंग्थ’ केली तर हिशेबही दुप्पट होतो. सिरिंजवरचं लेबल वाचल्याशिवाय आकडा लिहू नका. ॲम्प्युलवर बेस लिहिलंय की बायटार्ट्रेट तेही बघा: २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम बेस. सगळ्या रुग्णांना एकच मापदंड लावा.

*फुप्फुसं.* पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू (आत घेतलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण). २०० खाली आणि १०० खाली असल्याचे ३ आणि ४ गुण श्वसनाला यंत्राचा आधार असेल तरच. नेझल प्राँग्जवर असलेल्यांचा एफआयओटू अंदाजाने धरावा लागतो: २० टक्के अधिक दर लिटरला ४. हा अंदाजच आहे, पण सगळ्यांना सारखा असला पाहिजे.

*मेंदू.* सिडेशनवर असलेल्या रुग्णाचा जीसीएस (शुद्धीचे ३ ते १५ गुण) ३ लिहिला की सोफा फुकटात ४ ने वाढतो. सिडेशन देण्याआधीचा जीसीएस घ्या. ट्यूब असलेल्याच्या व्हर्बल गुणाचं काय करायचं तेही एकदाच ठरवा.

*मूळ पातळी.* क्रॉनिक किडनीच्या रुग्णाचं क्रिएटिनिन घरीच ४ होतं, तर मूत्रपिंडाचे ३ गुण नव्याने आलेले नाहीत. सिरॉसिसच्या बिलिरुबिन-प्लेटलेटचंही तसंच. जुना रिपोर्ट मागा. नातेवाईकांच्या पिशवीत तो बहुधा असतो. काहीच इतिहास नसेल तर मूळ सोफा शून्य धरतात.

*न केलेली तपासणी.* बिलिरुबिन रोज पाठवत नाहीत. रिकामी जागा म्हणजे नॉर्मल असं धरलं की ज्याच्याकडे कमी लक्ष गेलं तो कागदावर बरा दिसतो. कुठल्या दिवशी सोफा मोजायचा, समजा दिवस १, ३ आणि ७, ते ठरवा आणि त्या दिवसांच्या सहाही गोष्टी होतीलच अशी व्यवस्था करा.

७. नमुने

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन संच, मोठ्यांना प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. बाटलीत ३ मिली घालून ‘स्टराइल’ रिपोर्ट आला तर तो रिपोर्ट जंतूंबद्दल नाही, तुमच्या सिरिंजबद्दल सांगतो. क्लोरहेक्सिडिन लावून सुकू द्या. सेंट्रल लाइनमधून घेतलं असेल तर तसं लिहा. कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ एकाच संचात वाढला तर तो बहुधा कातडीवरचा पाहुणा; दोन्ही संचांत वाढला तर गांभीर्याने घ्या. नियम आधी लिहून ठेवा.

लॅक्टेट ब्लड गॅस मशिनवर लगेच लावा. नळी टेबलावर पडून राहिली तर तांबड्या पेशी लॅक्टेट बनवत बसतात आणि आकडा खोटा चढतो. लॅबला पाठवायचं असेल तर फ्लोराइडची करडी नळी, बर्फात. लॅब मिलिग्रॅममध्ये देते की मिलिमोलमध्ये ते बघा: १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे २ मिलिमोल. ॲड्रेनलिनचं इन्फ्यूजन, फिट्स आणि लिव्हरचा आजार यांतही लॅक्टेट चढतं, त्यांचे स्तंभ हवेत.

प्रोकॅल्सिटोनिन मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या इजेनंतर आणि मूत्रपिंड निकामी असताना संसर्गाशिवायही वर जातं.

८. डामा आणि शेवटचा आकडा

पैसे संपले, आशा संपली किंवा शेवट घरी व्हावा म्हणून नातेवाईक रुग्णाला घेऊन जातात. कागदावर ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’. ‘रुग्णालयातला मृत्यू’ हा निकाल घेतला तर हे सगळे जिवंतांत मोजले जातात, आणि त्यात सगळ्यात गंभीर रुग्णच जास्त असतात. म्हणून २८ दिवसांचा, कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू घ्या. दोन वेगवेगळ्या घरांतले फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. रुग्णाचा स्वतःचा नंबर कामाचा नाही. फोन करताना आधी आपण कोण ते सांगा आणि ‘पेशंट कसे आहेत’ असं विचारा, ‘आहेत का’ असं नको. पत्ता लागलाच नाही त्यांना एकदा सगळे गेले आणि एकदा सगळे जगले असं धरून दोन्ही निकाल द्या.

आयसीयूतल्या दिवसांची सरासरीही फसवते. दुसऱ्याच दिवशी गेलेल्याचा मुक्काम छोटा, म्हणून तो ‘लवकर बरा झाला’ असा दिसतो. त्याऐवजी २८ पैकी व्हेंटिलेटरशिवाय जिवंत दिवस मोजा. मृत्यू झाला तर शून्य.

९. तक्ता आणि विश्लेषण

एक रुग्ण, एक ओळ. नाव नाही, फक्त अभ्यास क्रमांक. क्रमांक आणि नावाची यादी वेगळी, कुलपात. प्लेटलेट कुणी १.२ भरतो, कुणी १२०, कुणी १२००००, तेव्हा एकक स्तंभाच्या नावातच लिहा. एक्सेल ०५/०८ या तारखेला कधी पाच ऑगस्ट समजतं, कधी आठ मे. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा, चोवीस तासांचं घड्याळ. पहिल्या दहा रुग्णांनंतर थांबून तक्ता संख्याशास्त्रज्ञाला दाखवा. शंभराव्या रुग्णानंतर दाखवून तो फक्त सहानुभूती देऊ शकतो.

‘सात दिवस स्टिरॉइड मिळालेले जास्त जगले’ असं दिसलं तर थांबा. सात दिवस मिळायला सात दिवस जगावंच लागतं. तसंच, सगळ्यात लवकर अँटिबायोटिक सगळ्यात आजारी दिसणाऱ्याला मिळतं, म्हणून ‘लवकर अँटिबायोटिक दिलेले जास्त मेले’ असा विचित्र निकालही येऊ शकतो. आपल्याच रुग्णांवरून लॅक्टेटची सीमा काढून आपल्याच रुग्णांवर ती तपासली तर ती छान दिसणारच. निदान बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच रुग्णांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून पडताळणी, करा.

१०. रुग्ण कमी पडले किंवा वेळ संपला तर

मिमिक-फोर हा बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातल्या रुग्णांचा, ओळख पुसलेला संग्रह फिजिओनेटवर फुकट मिळतो. त्यासाठी सिटी (CITI) या संशोधन-प्रशिक्षण उपक्रमाचा ‘डेटा ऑर स्पेसिमेन्स ओन्ली रिसर्च’ हा ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा, ओळख पटवून द्यायची, संदर्भ म्हणून गाइडचं नाव आणि ईमेल द्यायचा आणि डेटा वापराच्या करारावर सही करायची. सेप्सिस-३ आणि सोफाचे तयार तक्ते त्यात मिळतात, एसक्यूएल, म्हणजे डेटातून माहिती काढायची भाषा, थोडी शिकावी लागते. तारखा मुद्दाम पुढे ढकललेल्या आहेत, त्यामुळे ‘कोणत्या वर्षी काय’ असले प्रश्न जपून. डेटा मित्राला पाठवणं किंवा ऑनलाइन चॅटबॉटमध्ये चिकटवणं कराराविरुद्ध आहे. आणि तिथे लेप्टो, स्क्रब टायफस सापडणार नाही, नर्सिंग होममधलं तीन दिवसांचं सेफ्ट्रिॲक्सोनही नाही. तेव्हा गाइडना विषय बदलायला सांगण्याआधी तुमचा प्रश्न त्या रुग्णांत विचारण्यासारखा आहे का ते बघा. थिसिससाठी ही पद्धत चालते का, ते विभागाकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या.